लांबी किती?

ट्रेलर ओढत अमेरिकेत तीन आठवडे आणि दोन दिवस, सव्वातीन हजार मैल, आणि प्रत्येक कॅम्पग्राउंडच्या खिडकीवर पहिला प्रश्न तोच, लांबी किती? नाव नंतर विचारायचे. आधी लांबी.

पहिल्यांदा फोनवर कोणीतरी विचारलं तेव्हा मी बिनधास्त एकवीस फूट सांगून मोकळी झाले, कारण आमच्या ट्रॅव्हल ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराच्या, मॉडेलच्या नावातच २१ आहे. पलीकडच्या बाई म्हणाल्या ते नाही हो, टोकापासून टोकापर्यंत, आणि ओढणाऱ्या पिकअप ट्रकसकट. मग संध्याकाळी नवरा आणि धाकटा टेप घेऊन ड्राइव्हवेवर. कपलरच्या, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या जोडणीच्या, टोकापासून मागच्या बंपरपर्यंत २४ फूट ८ इंच. ट्रक १९ फूट ४ इंच. बेरीज ४४ फूट. म्हणजे मॉडेलच्या नावातला आकडा हा नुसता आतल्या खोलीचा असतो, तोसुद्धा कंपनीच्या मनाला येईल तसा. एक साइट आम्ही ४० फुटांची बुक करून बसलो होतो, ती लगेच बदलली. तेव्हा कोणी सेकंडहँड ट्रेलर बघत असाल तर जाहिरातीवर जाऊ नका, टेप घेऊन जा.

लांबीपेक्षा मोठी भानगड वजनाची निघाली. सगळे तुम्हाला सांगतात आमचा ट्रक नऊ हजार पौंड ओढतो, आमचा दहा हजार. ओढतो हो, पण त्याआधी पेलोड संपतो. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून इतक्यापेक्षा जास्त वजन नको म्हणून. आमच्या स्टिकरवर १,६२० पौंड. आता भरलेला ट्रेलर ५,६०० च्या आसपास, आणि त्याचं १०-१५ टक्के वजन हिचच्या, म्हणजे ट्रकच्या मागच्या जोडणीच्या, बॉलवर पडायला हवंच, कमी पडलं तर मागचा ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. म्हणजे ७०० पौंड तिथेच गेले. वेट डिस्ट्रिब्यूशन हिचच्या (ते वजन ट्रकच्या पुढच्या चाकांवरही वाटून देणारी जोडणी) दांड्याबिंड्या धरून ८० गेले. उरलं ते आमचं पाच जणांचं.

आणि पाचव्या म्हणजे सासूबाई. त्या सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, त्यांना मागे ठेवून जायचा प्रश्नच नव्हता. पण त्यांचं वजन विचारायचं कोणी? नवरा म्हणाला तू विचार, मी म्हटलं तुझी आई आहे. दोन दिवस हे चाललं. शेवटी मोठी सरळ बाथरूमचा काटा घेऊन हॉलमध्ये आली आणि म्हणाली आज्जी, सगळ्यांचंच करायचंय, ट्रकला सांगायचंय. त्या निमूटपणे उभ्या राहिल्या, वर नवऱ्याचा आकडा बघून म्हणाल्या, "तुझ्यामुळेच सायकली राहणार बहुतेक." राहिल्याच. एकशे नव्वदेक पौंड शिल्लक होते, त्यात खुर्च्या, कूलर आणि अवजारं.

पाणीसुद्धा वजनच. एक गॅलन म्हणजे आठ पौंडांहून थोडं जास्त, आमची टाकी ४० गॅलनची, म्हणजे भरून निघालं की सव्वातीनशे पौंड उगाचच रस्त्यावर फिरवायचे. आम्ही थोडंसंच पाणी घेऊन निघायचो आणि मुक्कामाला पोचून भरायचो.

मिनेसोटातून आय-९० ने पश्चिमेला निघालो. हा रस्ता सरळसोट, झोप येईल असा, पण वारा. आणि मोठे ट्रक. मोठा ट्रक बाजूने गेला की आधी तो हवेने तुम्हाला बाहेर ढकलतो आणि मग आत खेचतो, मागचा ट्रेलर डुलायला लागतो आणि तुमचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. तिथे पाय जायला नको. ट्रेलरचे ब्रेक सांभाळणारा ब्रेक कंट्रोलर ड्रायव्हरजवळ असतो, त्यावर एक छोटी पट्टी असते, ती हाताने दाबली की फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात, आणि तो मागून ताणला जाऊन सरळ होतो. हे मी दहा वेळा वाचलं होतं तरी पहिल्या वेळी पाय ब्रेकवरच गेला. त्यानंतर ६२ च्या वर गेलेच नाही. मागचे वैतागले तर वैतागू देत.

साउथ डकोटातल्या बॅडलँड्सबद्दल फार लिहीत नाही, फोटो सगळ्यांनी बघितलेत. दुपारी भट्टी, संध्याकाळी त्या मातीच्या थरांवर गुलाबी-पिवळे पट्टे उठून दिसतात, आणि सीडर पास कॅम्पग्राउंडवर सावलीला झाड म्हणावं असं जवळपास काही नाही. वीज होती म्हणून एसी चालला. एवढंच.

कस्टरला मात्र दोन दिवस राहिलो. विंड केव्ह तिथून जवळ. १९०३ साली थिओडोर रूझवेल्टनी सही केलेलं पार्क, आत छतावर मधाच्या पोळ्यासारखी दगडाची जाळी, बॉक्सवर्क म्हणतात तिला, आणि गुहेच्या मूळ तोंडातून वारा कधी आत कधी बाहेर, बाहेरच्या हवेच्या दाबाप्रमाणे. धाकट्याने तिथे रुमाल धरून बघितला. मग नीडल्स हायवे. ट्रेलर साइटवर ठेवून नुसता ट्रक घेऊन गेलो, नाहीतर मी आज हे लिहीत नसते. तिथला नीडल्स आय बोगदा जेमतेम आठ फूट रुंद आहे. आरसे मिटले, सासूबाई खिडकीतून हात बाहेर काढायला लागल्या, दगडाला लावून बघायला, सगळे एकदम ओरडलो. मागच्या सीटवरून मोठी सारखी "मम्मा डावीकडे, मम्मा उजवीकडे", आणि पलीकडे पंधरावीस माणसं मोबाईल धरून उभी. पलीकडे निघाल्यावर कोणीतरी टाळ्या वाजवल्या. खरं सांगते, दहावीच्या रिझल्टला एवढा आनंद नव्हता झाला.

वायोमिंगमध्ये बिगहॉर्न डोंगर ओलांडायला तीन रस्ते आहेत. १४, १४-ए आणि १६. जीपीएसला काय, त्याला तिन्ही सारखेच. १४-ए वर १० टक्के उतार आहेत, ट्रेलर असला की तिकडे जायचं नाही हे आम्ही आधीच ठरवलं होतं. आम्ही घेतला १६, बफेलो ते टेन स्लीप, सगळ्यात सौम्य तो. सौम्य म्हणजे तरी पावडर रिव्हर पास ९,६६६ फुटांवर. आमच्या इंजिनला टर्बो नाही, आणि साध्या इंजिनची ताकद दर हजार फुटांना साधारण ३ टक्के कमी होते, म्हणजे वर पोचेपर्यंत पाव भाग गेलेला. ३५ च्या स्पीडने, हजार्ड लाइट लावून, इंजिन नुसतं बोंबलतंय. नवरा शांतपणे टेंपरेचरचा काटा बघत बसलेला, एक शब्द नाही. हा गप्प बसला की मला जास्त भीती वाटते.

चढ सोपा असतो, खरं काम उताराला. टो-हॉल मोड (ओझं ओढताना गियर लवकर वर जाऊ न देणारी सोय), खालचा गियर, आणि ब्रेकवर पाय ठेवून राहायचं नाही. जोरात दाबायचा, स्पीड खाली आणायचा, सोडून द्यायचा, इंजिनला धरू द्यायचं. टेन स्लीप कॅनियन इतकी सुंदर आहे म्हणे, दोन्ही बाजूंना चुनखडीचे कडे, मला फक्त पुढच्या गाडीचे लाल दिवे आठवतात. खाली उतरून थांबलो तर आमच्या पुढे एक मोटरहोम थांबलेलं, चाकातून धूर आणि जळका वास. आमच्या चारही चाकांच्या हबला नवऱ्याने ती छोटी थर्मामीटरची बंदूक लावली, सगळे आकडे जवळजवळ सारखे. एखादा फार वेगळा आला असता तर बेअरिंग नाहीतर ब्रेक गेला असं समजायचं.

यलोस्टोनला आम्ही फिशिंग ब्रिजला राहिलो. पार्कच्या आत पाणी, वीज आणि सांडपाण्याची लाईन तिन्ही मिळणारी ती एकच जागा, आणि तिथे तंबू किंवा कापडी भिंतींचे पॉप-अप चालत नाहीत, कारण तो ग्रिझली अस्वलांचा भाग. जागेचं नाव फिशिंग ब्रिज आणि त्या पुलावरून मासे पकडायला १९७३ पासून बंदी. सासूबाईंना हे फार आवडलं, त्या म्हणाल्या, नाव राहतं गं, काम जातं.

तलावाची उंची ७,७०० फुटांच्या वर. जुलैमध्येसुद्धा पहाटे हीटर लावावा लागला. पाणी तिथे ९२-९३ अंशालाच उकळतं, त्यामुळे भात कच्चा, डाळ तर विचारू नका. तेवढ्यासाठी कुकर आणलेला, आणि शेजारच्या साइटवरचे आजोबा पहिल्या शिट्टीला दार उघडून बाहेर आले, अस्वलाचा भोंगा वाजला की काय बघायला. दुसऱ्या दिवशी वरणाची वाटी पोचवली.

आणि इथे ट्रेलरचा खरा फायदा कळला. तो एकदा लावला की पाच दिवस हलवला नाही. पार्कचा आठाच्या आकाराचा रस्ता १४२ मैलांचा, बहुतेक ठिकाणी ४५ ची मर्यादा, त्यात बायसन रस्त्यावर उभे राहिले की अर्धा तास गेला. हेडन व्हॅलीत एक बायसन आमच्या ट्रकच्या दाराला घासून गेला. नियम २५ यार्ड लांब राहण्याचा, अस्वल आणि लांडग्यांसाठी १००, पण तो नियम बायसनला कोण सांगणार. लोक रोज हॉटेलं बदलत धावत होते, आम्ही दुपारी घरी येऊन जेवून झोपत होतो आणि पाचला पुन्हा बाहेर, तेव्हा ओल्ड फेथफुल या गरम पाण्याच्या कारंज्याला गर्दी निम्मी. त्याची वेळ साधारण दीड तासाने येते, दहा मिनिटं इकडेतिकडे, बोर्डावर लिहिलेली असते. १८७२ साली जगात आधी कोणी असं पार्क केलेलं नसताना ही जागा राखून ठेवली, नाहीतर त्या कारंज्याभोवती आज तिकीटखिडकी असती, असं मला तिथल्या बाकावर बसून सारखं वाटत होतं.

ग्रँड टेटन. आता आमची फजिती. कोल्टर बे कॅम्पग्राउंडचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं तेव्हाच मिळवलं होतं, साइटची लांबी ४५ लिहिलेली, आमचे ४४. कागदावर बसतंय. पण कागदावर झाडं नसतात. अंधार पडत आलेला, वळणावरून रिव्हर्स घ्यायचा, दोन्ही बाजूंना पाइनची झाडं आणि कोपऱ्यावर एक धोंडा. आमच्यात रिव्हर्स मी घेते, कारण नवऱ्याने घेतला की दोघंही दिवसभर बोलत नाही. तो मागे उभा राहून "ये ये ये" करत होता आणि नेमका आरशात न दिसणाऱ्या जागी उभा. मी थांबले. तो म्हणाला थांबलीस का. मी म्हटलं तू दिसत नाहीस. तो म्हणाला अगं पण आवाज येतोय ना. आवाजाने काय दिशा कळते? चौथ्या प्रयत्नात ट्रेलरचा मागचा डावा कोपरा धोंड्याला टेकला आणि कर्रर्र. प्लास्टिकची पट्टी निघाली, पत्र्याला पोचा.

मग समोरच्या साइटवरचे एक रिटायर्ड गृहस्थ आले, चहाचा मग हातात, आणि मला म्हणाले हात स्टीअरिंगच्या खालच्या बाजूला धर. बस. हात खाली धरला की ज्या बाजूला हात न्याल त्या बाजूला ट्रेलरचं बूड जातं, उलटसुलट विचार करायचा नाही. आणि नवऱ्याला म्हणाले, तुला तिचे आरसे दिसत नसतील तर तिला तू दिसत नाहीस. पुढच्या खेपेला एका दमात आत गेला. हे आम्हाला विकणाऱ्याने दोन मिनिटांत सांगता आलं असतं, पण त्याला एक्स्टेंडेड वॉरंटी विकायची होती.

आमच्या साइटला हुकअप नाही, म्हणजे पाणी, वीज, सांडपाण्याची जोडणी नाही, पाच माणसं, तीन दिवस, ३० गॅलनची ग्रे टँक. भांडी घासलेलं पाणी आणि आंघोळीचं पाणी दोन्ही त्यातच. टाकीचे सेन्सर खोटं बोलतात, दुसऱ्या दिवशीच "फुल्ल" दाखवायला लागले. निघताना डंप स्टेशनला आधी ब्लॅक (संडासाची टाकी) मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुवून निघतो. हे खातं नवऱ्याकडे. ग्लोव्ह्ज घालून तो जे काही म्हणतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मोंटानातल्या ग्लेशियर पार्कला पुन्हा लांबी आली, आणि रुंदीपण. गोइंग-टू-द-सन रोडच्या मधल्या भागावर २१ फुटांपेक्षा लांब गाडी चालत नाही, आणि रुंदी आरशांसकट ८ फूट. ट्रेलर अर्थातच बाहेर आरव्ही पार्कमध्ये. ट्रक लांबीत बसत होता, पण आम्ही टोइंगसाठी आरशांना जे जोड लावले होते ते सकाळी आधी काढून ठेवले. १९३२ साली हा रस्ता कड्यात कोरून पूर्ण झाला तेव्हा गाड्या किती बारीक होत्या ते प्रत्येक वळणावर कळतं. लोगन पास ६,६४६ फूट, जुलैत बर्फ, आणि त्या बर्फावर सासूबाई साडीवर स्पोर्ट्स शूज घालून. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं की पाय गारठले, पण अर्धा तास हलल्या नाहीत.

परतीला यूएस-२, मारियस पास, फक्त ५,२१३ फूट, ट्रेलरवाल्यांसाठी लोणी. मग मोंटानाची ती न संपणारी पठारं. नॉर्थ डकोटात थिओडोर रूझवेल्ट पार्कला शेवटचे दोन मुक्काम. कॅम्पग्राउंडच्या होस्टने खिडकीशी येऊन विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत मागून सासूबाई, "फॉर्टी-फोर!"

पोचा अजून तसाच आहे, वर टेप मारून ठेवलीय. पुढच्या वर्षी युटाचं चाललंय. मी काल झायनचा नकाशा काढून बसले होते. तिथे १९३० साली पूर्ण झालेला एक मैलाहून लांब बोगदा आहे, आणि ७ फूट १० इंचांपेक्षा रुंद गाडी त्यातून सरळ अशी नेता येत नाही. आमचा ट्रेलर ८ फूट. नवरा म्हणाला, दोनच इंच आहेत, आरसे मिटू की.

ट्रेलरला आरसे नाहीत.