मायाचा लांबलेला पाठलाग

आज सुट्टी होती आणि दिवसभर पावसाने झड लावली होती, त्यामुळे मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेल्या काकांबरोबर टिळकवाडीतील घरी कॅथरिन बिगेलो यांचा २०१२ चा ‘झीरो डार्क थर्टी’ हा चित्रपट पाहिला. ओसामा बिन लादेनचा माग काढणाऱ्या माया या सीआयए अधिकाऱ्याची ही कथा आहे. पाकिस्तानातील अबोटाबादमध्ये लादेनला ठार करणारी मे २०११ मधील कारवाई शेवटी येते, पण मला खिळवून ठेवले ते त्याआधीच्या चिकाटीच्या कामाने, म्हणजे फायली, फोनचे धागे आणि लादेनचे निरोप पोहोचवणाऱ्या एका माणसाच्या शोधाने.

संशयित घर सापडल्यावरही निर्णय होत नाही, तेव्हा माया वरिष्ठांच्या केबिनच्या काचेवर लाल मार्करने वाया गेलेल्या दिवसांचा आकडा रोज नव्याने लिहिते. तो प्रसंग पाहून काका म्हणाले, “हुकमाची वाट बघणंच जड असतंय बघ.” मायाची भूमिका करणाऱ्या जेसिका चॅस्टेनने ती घुसमट नजरेतून दाखवली आहे.

कैद्यांच्या छळाची दृश्ये मात्र मला पटली नाहीत. छळामुळेच धागा हाती लागला असा समज त्यांतून होतो, आणि याच मुद्द्यावर जॉन मॅकेन यांच्यासह तीन अमेरिकी सिनेटरांनी तेव्हा लेखी आक्षेप घेतला होता. मॅकेन स्वतः व्हिएतनाममध्ये युद्धकैदी असताना छळ सोसून आले होते, म्हणून त्यांचा शब्द मला चित्रपटापेक्षा अधिक वजनदार वाटतो.