तुमच्या देवाक काय लागता?

काल शेजारच्या आबांकडे राखण होती. पावसाच्या आधी दरवर्षी बांधावरच्या राखणदाराला कोंबडा देतात, गाऱ्हाणं घालतात, ते "व्हय म्हाराजा" आमच्या पडवीत स्पष्ट ऐकू येतं. सगळं आटपल्यावर आबा सहज म्हणाले, "आमच्या राखणदाराक कोंबो लागता, तुमच्या देवाक काय लागता गो?" मी म्हटलं, काय नाय. ते हसले, म्हणाले मग बरो हा तुमचो देव, स्वस्तातलो.

स्वस्तातला अजिबात नाही खरं तर, पण ते उभ्याउभ्या कुठे सांगणार म्हणून इथे लिहितेय.

आम्ही ख्रिस्ती, आमच्या बायबलात पण बळी होतेच की. लेवीय पुस्तकाचा १६वा अध्याय वाचा, वर्षातून एकदा प्रायश्चित्ताचा दिवस, दोन बकरे आणायचे, चिठ्ठ्या टाकायच्या, एक कापायचा आणि त्याचं रक्त महायाजक, म्हणजे मुख्य पुजारी, पवित्रस्थानाच्या पडद्याच्या आत नेऊन शिंपडणार. दुसऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून सगळ्या लोकांची पापं मोठ्याने बोलायची आणि त्याला जिवंत रानात सोडून द्यायचं. मला हा दुसरा बकराच जास्त लक्षात राहतो, बिचारा कुठे गेला असेल. आणि पुढच्या वर्षी परत तेच, कारण हिशोब कधी मिटायचाच नाही. बायबलातल्याच इब्री लोकांस पत्रात तर सरळच लिहिलंय की बैलांच्या नि बकऱ्यांच्या रक्ताने पापं जाणं शक्यच नाही.

मग येशूचा क्रूस. लहानपणी मला वाटायचं देवबाप रागावलेला, कोणालातरी शिक्षा हवीच होती, तर मुलाला दिली. खूप जण असंच सांगतात. अन्सेल्म नावाचे आर्चबिशप होऊन गेले, त्यांनी १०९८ च्या सुमारास मांडलं की माणसाने देवाचा मान मोडला, ते देणं माणसानेच फेडायचं पण फेडायची ऐपत फक्त देवाची, म्हणून देव माणूस झाला. शिक्षेचं, कोर्टासारखं बोलणं त्यानंतर कितीतरी शतकांनी जोरात आलं. मला पौलाचं पटतं, बायबलातली बरीच पत्रं ज्याच्या नावावर आहेत तो, तो म्हणतो देवच ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता, आणि तेसुद्धा आपण शत्रू असताना. म्हणजे ज्याचं बिघडवलं तोच आधी उठून आला, आणि बळीचं कोकरूपण त्यानेच आणलं, स्वतःचंच, म्हणजे येशू. राखणीत आपण द्यायचं नि देवाने शांत व्हायचं, इथे सगळं उलटंच. हे आबांना पटेल की नाही माहीत नाही, त्यांचा राखणदार निदान वेळेवर शेत तरी राखतो.

आज मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, काका आले होते, मुंबईहून मे महिन्याचे आलेत. विहिरीच्या वाटेवरून बाबांचं नि त्यांचं बोलणं बंद आहे, सातबारा, मोजणी सगळं करून झालंय. मिस्सात 'हे आमच्या स्वर्गीय पित्या' झालं की एकमेकांना शांती द्यायची, आणि त्याच्यानंतरच 'देवाच्या कोकरा' म्हणतात, मग कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद. म्हणजे कोकराच्या आधी भाऊ मध्ये येतोच, चुकवताच येत नाही. काकांनी हात पुढे केला, बाबांनी बोटं टेकवल्यासारखी केली, बघितलं मात्र समोरच्या बाकाकडे.

घरी येताना मी मत्तयच्या शुभवर्तमानाचा ५वा अध्याय काढला, येशू म्हणतो, वेदीपाशी दान घेऊन आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव नि आधी जाऊन समेट कर. बाबा म्हणाले, "चूक त्याची आहे." मी म्हटलं चूक कोणाची ते तिथे विचारलेलंच नाही, भावाच्या मनात आहे एवढंच पुरे. त्यावर बाबांनी स्कूटरचा स्पीड वाढवला.

जेवताना आई म्हणाली, परसातला कापा फणस काढलाय, अर्धा काकांकडे पाठवते. बाबा म्हणाले, पाठव, पण विहिरीचा विषय काढू नको.