आमची वाटचाल : गच्चीवरची डिश आणि तिची देखभाल

1994 साली मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार उपग्रहाच्या जाळ्यावर सुरू झाले आणि दलालांच्या गच्च्यांवर व्हीसॅटच्या (उपग्रहामार्फत डेटा पाठवणाऱ्या-घेणाऱ्या छोट्या केंद्राच्या) डिश दिसू लागल्या. आमच्या धंद्याचं मूळ त्याच गच्च्यांत. परवाना आणि हब (सगळ्या डिश जिथे जोडलेल्या असतात ते मुख्य केंद्र) मोठ्या सेवा कंपन्यांकडे. डिश उभारणं आणि चालू ठेवणं आमच्याकडे. पुढे एटीएम, पेट्रोल पंप, खेड्यातल्या बँकशाखा आल्या. सी-बँडच्या (कमी फ्रिक्वेन्सीच्या) 1.8 मीटरच्या जागी केयू-बँडची (जास्त फ्रिक्वेन्सीची) 1.2 मीटरची डिश आली आणि दोघांत काम उरकू लागलं.

दिशा शोधणं त्यातल्या त्यात सोपं. 74 अंश पूर्व रेखांशावरचा उपग्रह पुण्याहून जवळजवळ थेट दक्षिणेला, 68 अंश उंचीवर. गडचिरोलीहून तोच 197 अंश दिशेला (उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजून), 65 अंशांवर. पत्र्याच्या छतावर होकायंत्राची सुई भलतीकडे वळते, म्हणून चार पावलं लांब उभं राहून खूण घ्यायची. ऑफसेट डिश (फीड मधोमध नसून खालच्या बाजूला असलेली) दिसते त्याहून बरंच वर बघत असते. नवी पोरं इथेच गोंधळतात.

वेळ खातं ते पोलरायझेशन, म्हणजे लहरींच्या कंपनाची दिशा उपग्रहाशी जुळवणं. हबच्या माणसाला फोनवर धरून फीड (डिशसमोरचा सिग्नल घेणारा-सोडणारा भाग) केसभर फिरवत राहायचं. क्रॉस-पोल (आपला सिग्नल उलट पोलरायझेशनपासून किती वेगळा राहतो ते माप) 30 डेसिबल मिळाल्याशिवाय ते ट्रान्समिट सुरू करू देत नाहीत, आणि बरोबरच आहे. नाहीतर आपला सिग्नल दुसऱ्याच्या वाहिनीत घुसतो. बोल्ट आवळताना फीड हलतं, म्हणून आवळून झाल्यावर आकडा पुन्हा विचारायचा.

बाकी तक्रारी बहुतेक केबलच्या टोकाशी सापडतात. मॉडेम रिसीव्ह लॉक (सिग्नल पकडल्याची खूण) दाखवतो पण ट्रान्समिट होत नाही, असं असेल तर आधी बीयूसीकडचा (डिशवरून सिग्नल वर पाठवणाऱ्या डब्याकडचा) एफ-कनेक्टर उघडा. त्याच केबलमधून बीयूसीची वीज जाते. पाणी शिरून मधली तार हिरवी पडली की व्होल्टेज तिथेच पडतं. आरजी-6 केबल साधारण 30 मीटरपर्यंत, त्यापुढे जाड आरजी-11. कनेक्टरखाली केबलला लोंबता वळसा द्यायचा, वरून एकजीव होणारी रबरी टेप. इन्सुलेशन टेप एक पावसाळाही काढत नाही. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये 2-3 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर मॉडेम लावूच नये.

जोराच्या सरीत केयू-बँडची लिंक जाणारच. सर ओसरली की येते, माणूस पाठवून उपयोग नाही. तसंच मार्चच्या मध्यास आणि सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य नेमका उपग्रहामागे येतो. पुण्यात या उपग्रहासाठी ती वेळ दुपारी साडेबाराच्या आसपासची. काही दिवस रोज काही मिनिटं लिंक बसते. शाखांना तारखा आधीच कळवल्या की फोन वाजत नाहीत.

आता खालच्या कक्षेतल्या उपग्रहांचे टर्मिनल स्वतःच दिशा शोधतात. उभारणीचे पैसे त्यामुळे घटतील. म्हणून आम्ही दर वार्षिक देखभालीवर बांधले आहेत : मे महिन्यात प्रत्येक कनेक्टर उघडून पाहणं, अर्थिंगचं माप, यूपीएसच्या बॅटऱ्या. टेपचे पैसे त्यातच.