काळबादेवीची काळी वाळू आणि १८.९ डिग्रीवरचा एक बारकासा पीक

मी रत्नागिरीत फिजिक्स शिकवते, एमएस्सीच्या पोरांना क्रिस्टलोग्राफी, म्हणजे स्फटिकात अणू कसे रचलेले असतात त्याचं शास्त्र. दरवर्षी हेक्झागोनल, म्हणजे षटकोनी रचना, आली की वर्ग गप्प होतो, क्यूबिकपर्यंत, म्हणजे घनापर्यंत, सगळे खूश असतात आणि मग चार आकडी इंडेक्स, आर लॅटिस, स्क्रू अॅक्सिस असं एकदम अंगावर येतं. यंदा मात्र एका पोराच्या प्रोजेक्टमुळे हा विषय अख्ख्या वर्गाच्या डोक्यात असा बसला की लिहावंसं वाटलं.

पोरगा काळबादेवीचा. आपल्याकडे काळबादेवी, भाट्ये, पूर्णगड या पट्ट्यात किनाऱ्यावर काळी वाळू दिसते, ती सह्याद्रीच्या बसाल्टमधून नद्यांनी आणलेली, लाटा हलकी वाळू धुऊन नेतात आणि जड इल्मेनाइट (लोखंड-टायटॅनियमचं ऑक्साइड), मॅग्नेटाइट (लोखंडाचं चुंबकीय ऑक्साइड) मागे राहतं. त्याने ती वाळू धुतली, साध्या लोहचुंबकाने मॅग्नेटाइट काढून टाकलं, उरलेलं खलात बारीक करून एक्सआरडीला घाटावर पाठवलं. एक्सआरडी म्हणजे पावडरवर एक्सरे टाकून ते कुठल्या कोनाला जोरात परततात त्याचा चार्ट, त्यातला प्रत्येक उंचवटा म्हणजे पीक. रिपोर्ट आला, त्यात लिहिलेलं इल्मेनाइट, सिस्टिम हेक्झागोनल, स्पेस ग्रुप (रचनेच्या सिमेट्रीचा प्रकार) आर थ्री बार.

सकाळी लॅब उघडायच्या आधीच हा दारात उभा. "मॅडम, हेक्झागोनल म्हणतायत तर सिंबॉलमध्ये सहा कुठाय? आणि दुसरं, हेमॅटाइटचा, म्हणजे नुसत्या लोखंडाच्या ऑक्साइडचा, चार्ट शेजारी ठेवला तर सगळे पीक त्याच क्रमाने येतायत, फक्त थोडे डावीकडे सरकलेत, मग दोघांचा स्पेस ग्रुप वेगळा कसा?"

दोन्ही प्रश्न एक नंबर. प्रॅक्टिकल बाजूला ठेवलं आणि सगळ्यांनाच बोलावून घेतलं.

पहिल्याचं उत्तर म्हणजे हेक्झागोनल सेल (रचनेचा परत परत येणारा डबा) आणि सहा-घडीची सिमेट्री (६० अंशांनी फिरवलं तरी तसंच दिसणं) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २३० स्पेस ग्रुपमधले १६८ ते १९४ हे सत्तावीस खरे हेक्झागोनल, त्यांच्यात सहाचा अॅक्सिस असतोच, साधा सहा, सहा बार (फिरवून उलटवायचं) नाहीतर स्क्रू (फिरवून वर सरकवायचं). १४३ ते १६७ हे पंचवीस ट्रायगोनल, तिथे तीनच, पण मोजायला सोपं म्हणून तेही हेक्झागोनल अक्षांवर मांडतात, आणि त्यातले सात आर लॅटिसचे, म्हणजे सेलच्या कोपऱ्यांखेरीज आत आणखी दोन तसेच बिंदू असलेले. इल्मेनाइट १४८ नंबरचा, हेमॅटाइट १६७. तर रिपोर्टमधलं हेक्झागोनल म्हणजे फक्त अक्ष कसे घेतलेत ते, सेलची बाजू ए साधारण ५.०९ अँगस्ट्रॉम आणि उंची सी १४.०९.

पण नुसतं सांगून पटत नाही. मग थर्माकोलचे गोळे काढले. सेलच्या ओरिजिनला काहीच नाही, रिकामी जागा, तिच्याभोवती सहा ऑक्सिजन, तीन वर आणि तीन खाली. वरून बघितलं की सरळ षटकोन दिसतो आणि सगळे फसतात ते इथेच. एका मुलीने मॉडेल ६० अंशांनी फिरवलं तर वरचे तीन गोळे खालच्यांच्या जागेवर आले, पण उंची चुकली. १२० ने फिरवलं, बसलं. मग मी म्हटलं आता प्रत्येक गोळ्यापासून मधल्या रिकाम्या जागेतून आरपार रेघ काढा, बरोब्बर समोर दुसरा गोळा सापडतो. तीनचं फिरणं आणि हे उलटणं एकत्र म्हणजे तीन बार. तो सिमेट्रीचा बिंदू कुठल्याही अणूवर नाही, मोकळ्या जागेत आहे, हे बघून पोरांचे चेहरे खरंच बघण्यासारखे झाले होते!

आता दुसरा प्रश्न, आणि मला जास्त आवडतो तो हा. हेमॅटाइटमध्ये सी च्या दिशेने धातूचे सहा थर, सगळे लोखंडाचे. हेमॅटाइटचा ग्रुप आर थ्री बार सी, त्यातला शेवटचा सी म्हणजे ग्लाइड, आरशात उलटवा आणि सी च्या अर्ध्याने, म्हणजे तीन थर, वर सरकवा. लोखंड लोखंडावर पडतं, काही बिघडत नाही. इल्मेनाइटमध्ये थर आळीपाळीने, लोखंड, टायटॅनियम, लोखंड, टायटॅनियम. तीन हा विषम आकडा, त्यामुळे तीन थर सरकवलं की लोखंड टायटॅनियमवर जाऊन पडतं. ग्लाइड मेला. सिंबॉलमधला सी गेला, आर थ्री बार उरला.

हे चार्टवर कुठे दिसणार? ग्लाइड असेल तर ००३ (सी च्या एक तृतीयांश अंतरावरच्या थरांचा पीक) दिसतच नाही, ००६ पासून सुरू. ग्लाइड गेला की ००३ उगवतो, लोखंडापासून पुढच्या लोखंडापर्यंतचं अंतर, ४.७ अँगस्ट्रॉम, कॉपर के-अल्फा या नेहमीच्या एक्सरेला १८.९ डिग्री. पण पीक अगदी बारका, कारण लोखंडाच्या आणि टायटॅनियमच्या थरांतून येणाऱ्या लाटा एकमेकींच्या उलट असतात, २६ वजा २२ (दोघांचे अणुक्रमांक) असं जे काय शिल्लक राहतं साधारण तेवढंच दिसतं. हेमॅटाइटमध्ये शिल्लक शून्य.

त्याच्या चार्टमध्ये १८.९ बघायला गेलो तर चार्ट सुरूच २० पासून! बहुतेक लॅब २० ते ८० करून देतात. मग तो म्हणाला २१.१ ला एक फुगवटा आहे, तो क्वार्ट्झचा, म्हणजे साध्या वाळूचा, समजून मी सोडला. क्वार्ट्झचा १०० खरंच २०.९ ला येतो, पण इल्मेनाइटचा १०१ पण तिथेच, २१.१ ला, आणि तोही ग्लाइड असता तर आला नसता. क्वार्ट्झचा सगळ्यात मोठा पीक २६.६ ला असतो, तो याच्या चार्टमध्ये जेमतेम दिसत होता, मग त्याचा लहान भाऊ एवढा फुगेल कसा? वर्गात दोन तट पडले, डबे उघडायचं कुणाच्या लक्षात नाही.

शेवटी घाटावरच्या त्याच लॅबला फोन लावला, उरलेल्या पावडरवर १० पासून हळू स्कॅन द्या म्हणून. हळू मुद्दाम, कॉपरच्या एक्सरेने सँपलमधलं लोखंड स्वतःच चमकतं आणि बॅकग्राउंड एवढं वर येतं की बारका पीक त्यात बुडतो. त्यांनी संध्याकाळी फाइल पाठवली. स्क्रीनवर १८.९ ला पीक, लहान पण स्वच्छ. पोराने लगेच १८.३ बघितलं, कारण मॅग्नेटाइट उरलं असतं तर त्याचा १११ तिथे आला असता आणि गोंधळ झाला असता. तिथे काही नव्हतं. हे तपासायला त्याला मी सांगितलं नव्हतं, आणि मला सगळ्यात जास्त आनंद त्याचा झाला.

१७९१ मध्ये विल्यम ग्रेगरला टायटॅनियम सापडलं ते इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या अशाच काळ्या वाळूत, हे जाता जाता सांगितलं तर पोरगा खूश, आमच्या वाळूची बहीण म्हणाला.

आता त्याने शिंपल्यांची पूड करायला घेतलीय. शिंपल्यातलं कॅल्साइट (कॅल्शियम कार्बोनेट) पण आर थ्री बार सी, १६७, हे त्याला टेबलमध्ये सापडलं, म्हणजे त्यात ००३ नसायला हवा आणि ००६ असायला हवा, ३१.४ च्या आसपास. शिंपल्यात अॅरागोनाइट (त्याच कार्बोनेटचं दुसरं रूप) पण असतं आणि ते ऑर्थोरोंबिक, म्हणजे विटेसारख्या सेलचं, त्यामुळे पीक वेगळे काढताना जीव जाईल हे सांगितलंय. ऐकत नाही.