टाकी घेऊन आलेले काका

गुडघा बदललेल्या प्रत्येक पेशंटला मी पहिल्याच भेटीत विचारते, चालायला लागल्यावर तुम्हाला नक्की काय करायचंय? ह्यूस्टनमधल्या आमच्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये याची उत्तरं ठरलेली असतात. गोल्फ, नातवंडांमागे धावणं, बागकाम. आपली मंडळी असतील तर देवळाच्या पायऱ्या आणि पूजेला खाली बसणं. काका म्हणाले, "पाठीवर टाकी घेऊन समुद्रात चालत जायचंय."

काका मूळचे डोंबिवलीचे, इथे तेलाच्या धंद्यात नोकरी करून निवृत्त झालेले. मुलं कॉलेजला गेल्यावर घर रिकामं झालं, तेव्हा नवरा-बायको मिळून स्कूबा शिकले, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली पोहणं. आता उजवा गुडघा पूर्ण बदलून आठ महिने होत आले होते. काकू त्यांना गाडीनं घेऊन यायच्या, खिडकीजवळच्या खुर्चीत बसायच्या आणि मी काकांचा पाय वाकवत असताना दोघांचा वाद रंगायचा. वाद एकच, बोनेर की कोझुमेल. दोन्ही बेटं कॅरिबियनमधली, दोन्हीकडे ह्यूस्टनहून थेट विमान. मी दोन्हीकडे डाइव्ह केलेलं आहे हे त्यांना चुकून कळलं आणि तेव्हापासून मला पंच नेमण्यात आलं.

बोनेर व्हेनेझुएलाच्या उत्तरेला आहे, 2010 पासून नेदरलँड्सची विशेष नगरपालिका. भरतीच्या रेषेपासून 60 मीटर खोलीपर्यंत बेटाभोवतीचा सगळा समुद्र 1979 पासून संरक्षित आहे. तिथली पद्धत न्यारी. रस्त्याच्या कडेला पिवळे रंगवलेले दगड असतात, त्यावर डाइव्हच्या जागेचं नाव. पिकअप भाड्यानं घ्यायची, मागे टाक्या टाकायच्या, आवडेल त्या दगडापाशी थांबायचं, अंगावर सामान चढवायचं आणि चालत पाण्यात शिरायचं. गाइड लागत नाही, बोट लागत नाही, कोणाची वेळ पाळावी लागत नाही. गाड्यांच्या नंबरप्लेटवरसुद्धा 'डायव्हर्स पॅराडाइज' लिहिलेलं असतं. (गाडी मात्र कुलूप न लावता आणि आत काहीही न ठेवता सोडायची. चोरानं निदान काच तरी फोडू नये.)

कोझुमेल मेक्सिकोचं, युकातान किनाऱ्यासमोरचं. तिथल्या नावाजलेल्या जागांना बोटीनंच जावं लागतं आणि तिथल्या सागरी उद्यानात गाइड बरोबर असतो. पाण्याला ओढ असते, बहुतेक वेळा दक्षिणेकडून उत्तरेकडे. बोट तुम्हाला पालांकार किंवा सांता रोसाच्या वर सोडते, तुम्ही प्रवाळाच्या भिंतीकडेनं वाहत जाता आणि जिथे वर याल तिथे बोट येऊन उचलते.

"वाहत जायचं?" काका म्हणायचे. "मी काय निर्माल्य आहे?"

त्यांचा दुसरा मुद्दा वादळांचा होता आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. 2017 च्या हार्वी वादळात त्यांच्या घराच्या खालच्या मजल्यात पाणी शिरलं होतं, भिंती कापून काढाव्या लागल्या होत्या. कोझुमेलला 2005 च्या ऑक्टोबरमध्ये विल्मा वादळानं झोडपलं होतं, तेही त्यांना पाठ होतं. बोनेर पार खाली, 12 अंश उत्तर अक्षांशावर, वादळांच्या नेहमीच्या वाटेपासून बाजूला. काकूंचं उत्तर तयार असायचं, "अहो, वादळांचा हंगाम जूनपासून. आपण मेमध्ये जाऊन येऊ." त्यावर काका, "आणि तो नॉर्टे?" हिवाळ्यात उत्तरेकडून थंड वारा सुटला की कोझुमेलचा बंदर अधिकारी बंदर बंद करतो, छोट्या बोटी बाहेर पडत नाहीत, आणि माणसं पैसे भरून हॉटेलात बसतात. त्यावर काकू, "अहो, मेमध्ये कुठला नॉर्टे!" इथपर्यंत येईतो माझी वीस मिनिटं संपलेली असायची.

त्या गुरुवारी काका सर्जनचा सही केलेला फॉर्म घेऊन आले. डायव्हिंगच्या वैद्यकीय फॉर्मवर गेल्या 12 महिन्यांत शस्त्रक्रिया झाली आहे का असा प्रश्न असतो. उत्तर हो असेल तर डॉक्टरच्या सहीशिवाय कोणी टाकी हातात देत नाही. सर्जनचं म्हणणं बरोबरच होतं. कृत्रिम सांधा भरीव असतो, त्यात हवेची पोकळी नसते, पाण्याच्या दाबानं त्याला काही होत नाही. जखम भरलेली, हृदय ठीक, फुप्फुसं ठीक. माणूस पाण्याखाली जायला लायक आहे हे त्यांनी सांगितलं. माणूस पाण्यापर्यंत जाईल कसा, हे कोणी विचारलंच नव्हतं.

मी आदल्या वेळी म्हटलं होतं, पुढच्या खेपेला तुमचं टाकी बांधायचं जॅकेट आणि पायात घालायच्या फिन्स आणा, अंगावर चढवून बघू. काकांनी गाडीची डिकी उघडली तर आत भरलेली टाकीसुद्धा. दुकानातून भाड्यानं आणली होती. "अर्धवट परीक्षा कशाला?" म्हणाले. ती टाकी ट्रॉलीवर आडवी बांधून मी आत आणली तेव्हा रिसेप्शनवरच्या बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ऑक्सिजनचा सिलिंडर तिनं पाहिलेला, हा प्रकार नवीन. ही साधी हवा आहे हे पटवायला मला थोडा वेळ लागला.

नेहमीची ॲल्युमिनियमची टाकी भरल्यावर साधारण 17 किलो भरते. त्यात जॅकेट, टाकीतून श्वास घ्यायचा रेग्युलेटर आणि कमरेची वजनं धरली की पंचवीस किलोच्या आसपास जातं. काकांना हे सगळं चढवून आधी सपाट जमिनीवर चालवलं. झकास चालले, काकूंकडे बघून मान उडवली. मग मी त्यांच्या वाटेत जाड-पातळ फोमच्या गाद्या टाकल्या, मध्ये एक अर्धगोल चेंडू, आणि शेवटी वीस सेंटिमीटरची पायरी, खाली उतरायची. कंबरपट्टा माझ्या हातात, समोर आमचा असिस्टंट.

बोनेरचा किनारा ज्यानं पाहिलाय त्याला हे सांगावं लागणार नाही. पांढऱ्या वाळूचा उतार तिथे फार थोड्या ठिकाणी. बाकी सगळीकडे मेलेल्या प्रवाळाचे गोटे, मध्येच चुनखडीची धारदार सपाटी, तिच्यात खड्डे, वर शेवाळ. आणि हे सगळं वाऱ्यानं उसळणाऱ्या, घोट्यापासून गुडघ्यापर्यंतच्या पाण्यात, जिथे पाऊल कुठे पडतंय ते दिसत नाही. उत्तरेला एका जागेचं नाव 'थाउजंड स्टेप्स' आहे. पायऱ्या प्रत्यक्षात सत्तरच्या आतबाहेर, पण टाकी पाठीवर घेऊन वर येणाऱ्याला त्या हजार वाटतात.

तिसऱ्या गादीवर काकांचा उजवा गुडघा आत कलायला लागला. चेंडूवर त्यांनी माझा दंड धरला. पायरीवर मात्र खरं दिसलं. शस्त्रक्रियेचा पाय वर ठेवून डावा पाय खाली टाकायचा, म्हणजे उजव्या मांडीनं सगळा भार हळूहळू सोडत न्यायचा. मांडीचा स्नायू तेवढा भार झेलेना. काका उतरले नाहीत, पडत पडत पोचले. पट्टा नसता तर ते आणि टाकी दोन्ही जमिनीवर असते. तेच सामान काढून मी पुन्हा उतरवलं, तर रेलिंगला बोट लावून नीट उतरले. म्हणजे गुडघा नीट होता. त्याच्यावरचे पंचवीस किलो नीट नव्हते.

"पण पाण्यात वजन कुठे असतं?" काकांनी इंजिनियरचा प्रश्न टाकला.

प्रश्न चांगला होता, म्हणून मी उत्तरही आकड्यांत दिलं. छातीपर्यंत पाण्यात उभं राहिलं की शरीराचा साधारण एक तृतीयांश भार पायांवर येतो, कमरेपर्यंत असेल तर निम्मा. तिथे काकांना काही त्रास नव्हता. घोटाभर पाण्यात मात्र जवळजवळ सगळा भार पायांवर, वर टाकी, आणि बोनेरच्या किनाऱ्यावर लाटा फुटतात त्या नेमक्या त्याच पट्ट्यात. आत जाताना निदान पाय ताजे असतात. परत येताना तासभर वजन विसरलेल्या शरीरावर ते एकदम येतं, पाय थकलेले, ओल्या सूटमुळे सामान आणखी जड.

डायव्हिंगच्या जाहिराती एखादं बेट सोपं की अवघड हे पाण्याखालच्या गोष्टींवरून ठरवतात, ओढ किती, खोली किती, पाणी किती स्वच्छ. त्या हिशेबानं बोनेर नवशिक्यांचं आणि कोझुमेल अनुभवी लोकांचं. नवीन गुडघ्याचा हिशेब उलटा निघतो. त्याला पाण्याखाली कुठेच त्रास नाही, त्याचं सगळं भांडण शेवटच्या दहा पावलांशी. आणि ओढीचं म्हणाल तर ती त्याच्या सोयीची, कारण वाहत जाणाऱ्याला पाय मारावे लागत नाहीत. बेडकासारखी लाथ तर अशा गुडघ्याला मी इतक्यात मारूच देत नाही, ती सांध्याला आतल्या बाजूनं ताण देते.

मग कोझुमेलची परीक्षा. तिथे काय लागतं? बोटीच्या काठावर बसून मागे कोलांटी, त्यात गुडघ्याचं काम नाही. वर आल्यावर जॅकेट आणि फिन्स पाण्यातच काढून खलाशांच्या हाती द्यायच्या आणि मोकळ्या अंगानं शिडी चढायची. आमच्याकडे भिंतीला लाकडी दांडे आहेत. काका ते चढले, उतरले, पुन्हा चढले. चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा आधी, हे त्यांना पाठच होतं. हलत्या शिडीचा अंदाज यावा म्हणून असिस्टंटनं त्यांना मागून थोडे धक्केही दिले. हात भक्कम होते, निभावून नेलं.

काकू खुर्चीत सरसावून बसल्या होत्या. जिंकल्याचा आनंद लपत नव्हता. तेव्हा मी त्यांना विचारलं, "काकू, तुमच्या कॅमेऱ्याचं काय करणार?"

कारण काकू फोटो काढतात, आणि तेही इवल्याशा प्राण्यांचे. मला फोनवर दाखवले होते. एका गोगलगायीवर चाळीस मिनिटं घालवणारी बाई. अशा माणसासाठी बोनेर म्हणजे माहेर. समुद्रघोडे, फ्रॉगफिश, मागे लागणारं कोणी नाही, हवा संपेपर्यंत एका स्पंजसमोर बसा. कोझुमेलला ओढ तुम्हाला थांबू देत नाही. तिथला शानदार टोडफिश, पिवळ्या कडांच्या पंखांचा आणि पट्ट्यापट्ट्यांच्या डोक्याचा, कपारीखाली बसलेला असतो. गाइड बोट दाखवतो, तुम्ही कॅमेरा उचलता आणि तोवर पुढे गेलेले असता. काकूंना हे ठाऊक नव्हतं असं नाही. सगळं वाचलेलं होतं त्यांनी.

"मग तुम्ही कोझुमेल कोझुमेल का करत होतात?"

"घरी जिना कसा उतरतात ते मी रोज बघते ना," काकू म्हणाल्या. "आडवे होऊन उतरतात. सांगितलं तर ऐकणार आहेत का?"

काका टाकीचा पट्टा सोडवण्यात फार गर्क झाले होते.

बोनेरला बोटी नाहीत असं नाही, हे मी पंच या नात्यानं नमूद केलं. समोरच्या क्लाइन बोनेर या निर्मनुष्य बेटाकडे रोज बोटी जातात, आणि बऱ्याच हॉटेलांना स्वतःचा धक्का आणि शिडी असते. तिथेही त्यांचं जमलं असतं. पण काकांनी स्वतःच ते मोडीत काढलं, "बोनेरला जाऊन बोटीत बसायचं? मग पिकअप कशाला?" या बाबतीत मी त्यांच्या बाजूची आहे. हवं तेव्हा उठावं, वाटेल त्या दगडाशी गाडी लावावी आणि कोणाला न विचारता पाण्यात शिरावं, यासाठीच माणसं बोनेरला जातात. काकूंची शंका प्रवाळाच्या रोगाची होती. तो दोन्हीकडे पोचलाय, कोझुमेलला 2018 मध्ये, बोनेरला 2023 मध्ये, आणि ब्रेन कोरलसारख्या जाती दोन्हीकडे मार खातायत. त्यावर बेट निवडण्यात अर्थ नव्हता.

शेवटी मेमधलं कोझुमेल ठरलं. मी कागदावर अटी लिहून दिल्या. छोटा गट, पहिला दिवस पालांकार गार्डन्ससारख्या उथळ जागी, पुंता सुर या जागेचा तो 40 मीटर खोलीवर बाहेर काढणारा बोगदा अजिबात नाही, दर डाइव्हला बोटीला दिसावा म्हणून पाण्यावर सोडायचा स्वतःचा फुगा जवळ, आणि परतीच्या विमानाआधी किमान 18 तास कोरडे, म्हणजे डाइव्ह नाही. शिवाय एका दिवशी काकूंसाठी वेगळा गाइड, ज्याला कपारीच्या आडोशाला थांबायचं कसं ते येतं. काकांनी या कलमावर हरकत घेतली, मग खर्च स्वतः देऊ केला.

बोनेर पुढे ढकललं, रद्द केलं नाही. त्यासाठी उजव्या मांडीला पायरीवरून भार सोडत उतरायला शिकवायचं होतं, आधी दहा सेंटिमीटर, मग पंधरा, मग वीस, मग हातात वजन, मग फोमवर. विमा कंपनीच्या नोटमध्ये स्कूबा हा शब्द मी घातला नाही, तो वाचून तिकडचा माणूस फाइल मिटतो. 'असमान पृष्ठभागावर 20 किलो भारासह आधाराविना चालणे आणि पायरी उतरणे' असं लिहिलं. पुढची सेशन्स मंजूर झाली. काकांनी त्याच दिवशी टेबलावर पडल्या पडल्या ऑगस्टमधल्या बोनेरच्या विमानाचे दर बघायला सुरुवात केली. तिकडे तेव्हा वादळं नसतात, हेही मला ऐकवलं. मी त्यांच्या हातातला फोन काढून काकूंकडे दिला आणि काकांना दहा सेंटिमीटरच्या पायरीवर उभं केलं.