ग्रॅमला 80 कॅलरी

आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत फळ्यावर लिहिलेला एक आकडा पुढे माझ्या धंद्याचा पाया ठरला: 1 ग्रॅम बर्फ वितळायला 80 कॅलरी लागतात. पाण्याचा बर्फ करायचा तर तेवढीच उष्णता बाहेर काढावी लागते. बर्फाच्या कारखान्यातली सगळी यंत्रं त्यासाठीच राबतात. या स्मरणिकेच्या निमित्ताने शाळेतल्या मुलांना ते सांगावंसं वाटतं.

अमोनिया साध्या हवेच्या दाबाला उणे 33 अंशांवर उकळतो. टाकीतल्या कॉइलमध्ये, म्हणजे नळ्यांच्या वेटोळ्यात, उकळताना तो भोवतालच्या खारट पाण्यातली, म्हणजे ब्राइनमधली, उष्णता ओढून घेतो. ब्राइन उणे 10 अंशांच्या आसपास ठेवायचं आणि त्यात पाण्याने भरलेले पत्र्याचे डबे सोडायचे. डबा तळाशी किंचित निमुळता असतो, म्हणून लादी अडकत नाही. तो काठोकाठ भरू नये, कारण गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं.

28 सेंटिमीटर जाडीच्या लादीला जवळपास दोन दिवस लागतात. जाडी दुप्पट केली तर वेळ चौपट! आधी जमलेला थरच आतली उष्णता अडवून धरतो. घाईने ब्राइन फार थंड केलं, तर लादी पांढरी पडते आणि तडकते.

पारदर्शक लादी हीच खरी कारागिरी, असं मी मानतो. जमता जमता बर्फ पाण्यातली हवा आणि क्षार गाभ्याकडे ढकलतो. म्हणून डब्याच्या मधोमध नळीने हवा सोडून पाणी हलतं ठेवतात आणि शेवटी गाभ्यातलं क्षारांचं पाणी उपसून ताजं भरतात.

डबे उचलताना ब्राइन सांडतं, भर म्हणून गोडं पाणी पडतं आणि ब्राइन पातळ होतं; मीठ कमी झालं की ते लवकर गोठतं. मग कॉइलवरच बर्फ चढतो; कॉम्प्रेसर, म्हणजे अमोनियाची वाफ ओढून दाबणारं यंत्र, चालू असूनही टाकी गार होत नाही. यासाठी हायड्रोमीटरने घनता तपासत राहावं. अमोनियाची गळती शोधायला शाळेतलाच लिटमस कामी येतो: ओला लाल कागद निळा होतो.

महाराष्ट्रात 2018 पासून खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग घालणं बंधनकारक आहे. निळा बर्फ सरबतात घालू नका. मासळीला मात्र खाण्यायोग्य बर्फच हवा: किलोला किलो, चुरा करून थराथराने, आणि वितळलेलं पाणी निघून जायला पेटीच्या तळाला भोक.