सोमवारची पोटदुखी

आज ताई आणि भाच्याबरोबर सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार ओपीडीत गेले होते. पोरगं सातवीत. दर सोमवारी सकाळी पोटात कळ, रविवारी मात्र टुणटुणीत. सोनोग्राफी झाली, जंताचं औषध झालं, दृष्टही काढून झाली. शेवटी बालरोगतज्ज्ञांनीच इकडची चिठ्ठी दिली.

केसपेपरच्या रांगेत ताई तोंडाला ओढणी लावून उभी. ओळखीचं कुणी भेटलं तर? भेटलंच! मागच्या गल्लीतल्या काकू, नातीला घेऊन. दोघी क्षणभर गप्प. मग काकूच म्हणाल्या, "तुमचा कितवा नंबर गं?"

समोरच्या बाकावर दहावीतली वाटावी अशी एक मुलगी. एवढ्या उकाड्यात पूर्ण बाह्या, त्याही बोटांपर्यंत ओढलेल्या. मी नजर वळवली. का वळवली, कोण जाणे.

डॉक्टरबाईंनी आधी ताईला बाहेर बसवलं आणि भाच्याशी एकट्याशी बोलल्या. चांगली वीस मिनिटं! नंतर म्हणाल्या, दुखणं खरं आहे, नाटक नाही. चिंतेचा आजार. गोळी लगेच नको, आधी समुपदेशन. पण शाळा बुडवू देऊ नका. जितकी टाळेल तितकी भीती वाढेल. पहिले काही दिवस अर्धी शाळा चालेल. केसपेपरच्या मागे 'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबरही लिहून दिला, १४४१६. जागतिक आरोग्य संघटना सांगते, १० ते १९ वयातल्या दर सात मुलांमागे एकाला मानसिक आजार असतो. म्हणजे भाच्याच्या वर्गात किती, याचा हिशेब मी रिक्षात करत बसले.

येताना पठ्ठ्यानं दोन वडापाव हाणले.

"पोट?"

"आज सुट्टी टाकलीय ना, मावशी."